सामान भरलं, पण निघायचं कधी?

अमेरिकेतल्या मराठी घरांत हिवाळी वादळाचा इशारा आला की एक ठरलेला सल्ला हमखास मिळतो. तीन दिवस पुरेल एवढं खाणंपिणं आणून ठेवा, बॅटऱ्या आणि मेणबत्त्या हाताशी ठेवा, बाथटब पाण्याने भरून घ्या आणि दार लावून स्वस्थ बसा. सल्ला देणारी मंडळी अनुभवी असतात. न्यू जर्सीत नाहीतर शिकागोत त्यांनी वीस-पंचवीस हिवाळे काढलेले असतात, बर्फ उपसून कंबरेचे काटे ढिले झालेले असतात, आणि नुकत्याच आलेल्या तरुण जोडप्याची घाबरगुंडी पाहून त्यांना हसू येतं. ‘दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न असतो’ हे त्यांचं पालुपद. त्यांच्या लेखी या सल्ल्यापलीकडची कोणतीही काळजी म्हणजे बाऊ. माझी तक्रार नेमकी उलटी आहे. ज्या घरात पाच वर्षांखालचं मूल आहे त्या घराला हा सल्ला पुरत नाही, आणि त्यातल्या काही गोष्टी तर त्या मुलाच्याच जिवावर उठणाऱ्या आहेत. असं घर वादळाला तयार आहे की नाही हे फडताळ उघडून कळायचं नाही. घरात काय पेटवायचं नाही आणि घर किती गार झालं की उठून कुठे जायचं, हे दोन निर्णय वादळ येण्याआधी झालेले असले तर ते घर तयार. नसतील तर गॅरेजमध्ये पाण्याचे कितीही कॅन रचलेले असोत, तयारी झालेली नाही.

आधी सल्ल्याची बाजू मांडतो, कारण ती लेचीपेची नाही. माणशी दिवसाला एक गॅलन पाणी, न शिजवता खाता येईल असं अन्न, टॉर्च, रेडिओ, औषधं ही यादी अमेरिकेच्या केंद्र सरकारचं आपत्ती खातंच देतं. वादळात बाहेर पडणारा माणूस घरात बसलेल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो, हेही बहुतेक वेळा खरं असतं. ईशान्येकडच्या राज्यांत घरं थंडीसाठीच बांधलेली असतात. भिंतींत उष्णता अडवणारा जाड थर, खिडक्यांना दुहेरी काचा, पाण्याचे नळ जमिनीत खोल. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या आणि बर्फ ढकलणाऱ्या गाड्या रात्रीतून फिरतात. तिथे एखादी रात्र वीज गेली तरी घर सकाळपर्यंत तग धरतं, आणि सकाळी वीज बहुधा आलेली असते. या मंडळींचा अनुभव खोटा नाही. तो त्या घरांचा, त्या रस्त्यांचा आणि बहुतेकदा मोठ्या माणसांचा आहे. पण यादी काय काय सांभाळते ते पाहा. भूक, तहान आणि अंधार. ऊब घरात आहेच, असं ती धरून चालते. आणि हिवाळी वादळात लहान मुलाचा जीव दोन दिवस वरणभात न मिळाल्याने जात नाही. तो जातो गारठ्याने, विषारी धुराने किंवा आगीने.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससात जे घडलं त्यात हे गृहीतक पार कोसळलं. डॅलस आणि ह्यूस्टनभोवतीच्या उपनगरांत मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे; आयर्व्हिंग, फ्रिस्को, केटी ही नावं आता पुण्या-नाशकातल्या आजी-आजोबांनाही पाठ असतात. त्या महिन्याच्या मध्याला राज्याच्या सर्वच्या सर्व २५४ काउंट्यांना एकाच वेळी हिवाळी वादळाचा इशारा लागला होता. १६ तारखेला डॅलस-फोर्ट वर्थचा पारा उणे २ फॅरनहाइटवर, म्हणजे उणे १९ सेल्सियसवर उतरला. १९४९ नंतर तिथे एवढी थंडी पडली नव्हती. त्याच्या आदल्या दिवशी, १५ तारखेला, मध्यरात्र उलटून दीडच्या सुमाराला राज्याचं वीजजाळं सांभाळणाऱ्या एर्कॉट या संस्थेने भारनियमनाचा आदेश दिला. भारनियमन महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला नवं नाही, आणि बहुधा तिथेच फसगत झाली. वीज आळीपाळीने जाईल आणि थोड्या वेळाने परत येईल, अशीच सगळ्यांची समजूत होती. पण २०,००० मेगावॉटपर्यंत भार उतरवायची वेळ आली तेव्हा आळीपाळीला वावच राहिला नाही. रुग्णालयं आणि तशा अत्यावश्यक सेवांच्या वाहिन्या चालू ठेवायच्या, म्हणजे उरलेल्या वाहिन्या सलग बंद. एका वेळी ४५ लाखांच्या आसपास घरं आणि आस्थापनं अंधारात होती, आणि आदेश पूर्ण मागे घ्यायला सुमारे ७० तास लागले. राज्याच्या आरोग्य खात्याने पुढे मृतांची संख्या २४६ अशी नोंदवली. त्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश थंडीने गेले, आपापल्या गावात, कित्येक जण आपल्याच घरात. त्यांच्याकडे डाळ-तांदूळ किंवा पाव-दूध नव्हतं म्हणून ते गेले, असं कुणी म्हणणार नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘टेक्ससचं सोडा, तिथे थंडीची सवयच नाही.’ सवयीचा मुद्दा माणसांपेक्षा घरांना जास्त लागू पडतो, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. तिथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, पाण्याचे नळ कित्येकदा माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीतून नेलेले, आणि निम्म्याहून अधिक घरं विजेवर तापणारी. वीज गेली की ऊब गेली, नळ फुटले की पाणीही गेलं. ‘आमच्याकडे गॅसची फर्नेस आहे’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी एकदा फर्नेसचं दार उघडून आत पाहावं. गरम हवा घरभर ढकलणारा पंखा आणि ज्वाला पेटवणारी यंत्रणा, दोन्ही विजेवर चालतात. गॅस असूनही वीज नसेल तर बहुतेक फर्नेस गप्प बसतात. ही गोष्ट न्यू जर्सीलाही तितकीच लागू आहे. तिथे घर हळू गार होतं, एवढाच फरक. म्हणजे प्रत्येक घराला विचारायचा प्रश्न असा, की वीज नसताना हे घर किती तास उबदार राहील? तीन दिवसांच्या यादीत हा प्रश्न कुठेच नाही.

आता ज्याच्यासाठी ही सगळी उठाठेव, त्या मुलाच्या शरीराकडे येऊ. तान्ह्या बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा पसारा मोठा असतो आणि डोकं शरीराच्या मानाने मोठं, त्यामुळे त्याची ऊब मोठ्यांच्या कितीतरी आधी निघून जाते. मोठा माणूस कुडकुडून थोडीफार उष्णता तयार करतो. तान्ह्या बाळाला ते धड जमत नाही. त्याहून वाईट म्हणजे गारठलेलं बाळ नेहमी रडून सांगतंच असं नाही. ते मंद होतं, दूध नीट ओढत नाही, झोपाळू होतं, आणि दमलेल्या आईबापांना वाटतं, बरं झालं, झोपलं एकदाचं. यावर आजीचा उपाय गोधडीचा. पण एक वर्षाखालच्या बाळाच्या पाळण्यात सैल पांघरूण, उशी, दुलई ठेवू नका, हे अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ कानीकपाळी ओरडून सांगतात, कारण ते तोंडावर आलं तर बाळाला सरकवता येत नाही. बाळाला कुशीत घेऊन झोपण्यालाही त्यांचा विरोध आहे. मग गार घरात रात्र काढायची कशी? अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, सीडीसी, याचं उत्तर देते आणि ते आपल्या अनुभवी मंडळींच्या सल्ल्याच्या थेट विरुद्ध जातं. एक वर्षाखालच्या बाळाला गार खोलीत झोपवूच नका, आणि घर उबदार ठेवता येत नसेल तर तात्पुरती दुसरीकडे राहायची सोय करा. अगदीच इलाज नसेल तर आपल्या अंगाची ऊब द्या, आणि झोपावंच लागलं तर बाळ अंगाखाली येणार नाही याची काळजी घ्या. क्रम लक्षात घ्यावा. निघणं आधी, कुशीत घेणं नाइलाजाचं. आपल्याकडे नाइलाजाची गोष्ट पहिली येते आणि निघण्याची गोष्ट कुणाच्या डोक्यातच येत नाही.

घर सोडायचं नाही असं एकदा मनाशी धरलं की गार पडत चाललेल्या घरात माणूस काहीतरी पेटवतो. इथे आपली परंपराही आडवी येते. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, बाळाला न्हाऊ घालून ओवा-बाळंतशेपांची धुरी द्यायची, हे ज्यांनी पाहिलं त्या पिढीतले कित्येक आई-बाबा सहा महिन्यांसाठी नातवंड सांभाळायला अमेरिकेत आलेले असतात. वीज गेलेल्या घरात ‘जरा निखारे करून ठेवू या की’ हे त्यांच्या तोंडून येणं अगदी स्वाभाविक आहे, आणि ‘आम्ही नाही का जगलो?’ हा त्यांचा बिनतोड वाटणारा सवाल. त्याचं उत्तर घराच्या बांधणीत आहे. कौलारू घर, दाराखालची फट, लागत नसलेली खिडकी, वरच्या झरोक्यातून जाणारा धूर: ते घर श्वास घेत होतं. अमेरिकेतलं घर थंडीत हवाबंद करायचा शक्य तितका प्रयत्न केलेला असतो. दाराच्या फटींना रबर, खिडक्यांच्या कडांना पट्ट्या. आणि भारतातही आता तशा बंद खोल्या झाल्यावर उत्तरेकडे दर हिवाळ्यात शेगडी पेटवून झोपलेली कुटुंबं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या येतातच. जळणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट ओढीने त्याला धरून ठेवतं. मुलांचा श्वास जलद चालत असल्याने त्यांच्या अंगात ते लवकर भिनतं. पहिली लक्षणं कोणती? डोकेदुखी, मळमळ, पेंग. फेब्रुवारीत कोणत्याही घरात याला फ्लूच समजतील, मुलाला क्रोसीनसारखं काहीतरी पाजतील आणि त्याच खोलीत पुन्हा झोपवतील.

टेक्ससात त्या आठवड्यात हे ढिगाने घडलं. कोळशाची ग्रिल घरात आणली गेली, जनरेटर गॅरेजमध्ये लावले गेले, गाड्या गॅरेजमध्ये चालू ठेवून लोक आत ऊब घेत आणि फोन चार्ज करत बसले. ह्यूस्टनमध्ये अशाच गॅरेजमधल्या गाडीच्या धुराने एका घरातली आई आणि लहान मुलगी गेली. १,४०० हून अधिक लोकांना या वायूच्या बाधेसाठी रुग्णालयं आणि दवाखाने गाठावे लागले, आणि त्यांत कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई लोकांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त होतं. घरात या वायूचा अलार्म असलाच पाहिजे, अशी राज्यव्यापी सक्ती तेव्हा टेक्ससात नव्हती. धुराचा अलार्म वेगळा. तो या वायूसाठी वाजेलच असं नाही. या सगळ्या आईबापांना बेफिकीर म्हणायची कुणाची हिंमत होईल? मुलं कुडकुडत होती म्हणून त्यांनी ते केलं. म्हणूनच मी म्हणतो की काय पेटवायचं नाही हा निर्णय ऊबदार घरात, डोकं ताळ्यावर असताना व्हायला हवा. कोळसा घरात नाही, ग्रिल घरात नाही, ओव्हन उघडा ठेवून खोली तापवणं नाही, गॅरेजचं शटर वर असलं तरी आत गाडी चालू ठेवणं नाही, जनरेटर घरापासून निदान वीस फुटांवर आणि दार-खिडक्यांपासून दूर. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ लावलेला असावा. तीन दिवसांच्या सामानाच्या तुलनेत याची किंमत काहीच नाही, आणि तरी यादीत तो बहुधा शेवटून दुसरा असतो, किंवा नसतोच.

यादीतल्या इतर वस्तूही मुलाच्या उंचीवरून एकदा बघाव्यात. बाथटब भरून ठेवा, हा सल्ला शौचालयाला पाणी हवं म्हणून चांगलाच आहे, पण नुकतं चालायला लागलेलं मूल इंच-दोन इंच पाण्यातही बुडू शकतं. अंधाऱ्या घरात, मोठ्यांचं लक्ष दहा ठिकाणी असताना, काठोकाठ भरलेला टब आणि न लागलेलं न्हाणीघराचं दार! पाणी झाकणाच्या कॅनमध्येच भरावं. मेणबत्त्या नकोत हे तर उघड आहे. रजयांच्या ढिगात आणि पळणाऱ्या पोरांमध्ये मेणबत्ती ठेवणं म्हणजे आगीला अक्षत देणं. मग हुशार लोक त्याऐवजी बॅटरीवर लुकलुकणारे प्लास्टिकचे दिवे आणतात, आणि त्यांतल्या कित्येकांच्या पोटात नाण्याएवढा सपाट सेल असतो. तो मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू लागतो. अशा सेलची झाकणं मुलांना उघडता येऊ नयेत म्हणून अमेरिकेला २०२२ मध्ये खास कायदा करावा लागला, पण घरात पडलेले जुने दिवे त्या कायद्याआधीचेच असतात. डोक्याला बांधायचा किंवा मोठ्या सेलचा टॉर्च बरा, आणि ज्याच्या झाकणाला स्क्रू आहे तो त्याहून बरा.

दुधाचं तर गणितच वेगळं. टेक्ससात त्या आठवड्यात एक कोटी चाळीस लाखांहून अधिक लोकांना पाणी उकळून प्या, अशी सूचना होती. आणि ज्यांची शेगडी विजेची त्यांना उकळायची सोयच नव्हती. फॉर्म्युलाची पावडर कपाटात भरून ठेवलेली आणि कालवायला खात्रीचं पाणी नाही, अशी गत. पाणी मिसळावं लागत नाही असा तयार, बाटलीबंद फॉर्म्युला मिळतो. एरवी तो परवडत नाही, पण दोन-तीन दिवसांचा साठा ठेवण्यासारखा आहे. पावडर कमी पडते आहे म्हणून दूध पातळ करून पाजणं हा आपल्याकडचा जुना काटकसरीचा मार्ग, पण तान्ह्या बाळाच्या रक्तातलं मीठ त्याने इतकं उतरू शकतं की त्याला झटके येतात. फ्रीझरमध्ये आईचं दूध साठवलेलं असेल तर दार उघडू नये. भरलेला फ्रीझर बंद ठेवला तर सुमारे ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४. दम्याच्या मुलाचा नेब्युलायझर विजेवर चालतो. डॉक्टरांना आधीच विचारून स्पेसरसह इन्हेलर घरात असावा. तीन दिवसांच्या यादीत ‘औषधं’ असा एक शब्द असतो आणि त्यात हे काहीच येत नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे वळतो: निघायचं म्हणता, पण रस्त्यावर मरण असतं. खरं आहे. याच टेक्सस वादळाच्या आरंभी, ११ फेब्रुवारीला, फोर्ट वर्थजवळच्या महामार्गावर बर्फामुळे १३० हून अधिक गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि सहा जण गेले. डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या हिमवादळात चाळीसहून अधिक लोक गेले, त्यांतले काही बर्फात रुतलेल्या गाड्यांमध्ये सापडले, आणि वाहनबंदीचा आदेश ती लागू होण्याच्या जेमतेम पाऊण तास आधी देण्यात आला म्हणून प्रशासनावर नंतर टीका झाली. हा आक्षेप घेणारे यावरून निष्कर्ष काढतात की घरातच थांबावं. मी काढतो तो असा की निघायचं असेल तर रस्ता चालू असतानाच निघावं, आणि त्यासाठी निकष आधी ठरलेला असावा. उशिरा निघालेला माणूस बफेलोत अडकला, आणि टेक्ससात घरातच थांबलेला माणूस गारठला. दोघांच्याही बाबतीत चूक एकच, निर्णय वादळाच्या हाती सोपवला. राष्ट्रीय हवामान सेवा आधी ‘वॉच’ देते, म्हणजे शक्यता आहे; मग ‘वॉर्निंग’ देते, म्हणजे वादळ येऊन ठेपलं. ज्यांचं घर विजेवरच तापतं आणि ज्यांच्याकडे तान्हं बाळ आहे, त्यांनी ‘वॉच’ लागल्यावरच कुणाकडे जायचं ते पक्कं करावं. वादळ सुरू झालं, वीज गेली आणि रस्ता अजून चालण्यासारखा आहे, तर खोलीतल्या थर्मामीटरवर एक आकडा ठरवलेला असावा. जागतिक आरोग्य संघटना घरातलं तापमान निदान १८ सेल्सियस असावं म्हणते. माझ्या मते ६० फॅरनहाइट, म्हणजे साधारण साडेपंधरा सेल्सियस, हा उठण्याचा आकडा धरावा. हा आकडा माझा आहे, कुठल्या संस्थेचा नाही. कुणी ६२ धरला तर माझी हरकत नाही, पण काही न धरता ‘बघू तासाभरात’ म्हणत बसू नये. आणि रस्ता बंद झालाच असेल तर वाद संपला: घरातली आतली, कमी खिडक्यांची एक खोली, सगळे एकत्र, दाराखाली टॉवेल, आणि काहीही न पेटवता रात्र.

निघताना एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. मुलाला जाडजूड फुगीर जॅकेट घालून कार सीटमध्ये बसवतात आणि पट्टे त्यावरून आवळतात. पट्टा घट्ट वाटतो, पण धडकेच्या क्षणी जॅकेटमधली हवा दबते आणि पट्टा सैल पडून मूल सुटू शकतं. अंगाला चिकटून बसणारे पातळ कपडे एकावर एक, डोक्याला कानटोपी, मग पट्टा, आणि पट्ट्यावरून पांघरूण किंवा उलटं घातलेलं जॅकेट, असा क्रम असावा. बर्फाळ रस्त्यावर हे जास्तच महत्त्वाचं, कारण तिथे धडकेची शक्यता नेहमीपेक्षा मोठी.

तिसरा आक्षेप राजकीय आहे आणि मला तो मनापासून पटतो, फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. ‘वीजजाळं सरकारने नासवलं आणि तुम्ही आईबापांना धडे देता?’ नासवलं हे खरंच. टेक्ससने केंद्रीय नियमांपासून दूर राहायला आपलं वीजजाळं शेजारच्या राज्यांपासून जवळजवळ तोडून ठेवलेलं आहे, त्यामुळे संकटात बाहेरून फारशी वीज आणता येत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये अशाच थंडीत वीज गेली होती, आणि केंद्रीय नियामकांनी त्याच वर्षी अहवाल काढून वीजकेंद्रं थंडीसाठी सज्ज करायला सांगितलं होतं. राज्याने सक्ती केली नाही. राज्याच्या पश्चिम टोकाचं एल पासो एर्कॉटच्या जाळ्यात नाही. तिथल्या वीज कंपनीने २०११ नंतर खर्च करून सज्जता केली आणि २०२१ मध्ये ते शहर बरंच निभावलं. सक्तीचा कायदा झाला तो माणसं मेल्यावर. म्हणजे दोष कुणाचा यावर वाद नाही. आणि दोष सरकारचा असताना सगळं ओझं कुटुंबावर टाकणाऱ्यांचा नमुनाही त्याच आठवड्यात दिसला. टेक्ससातल्याच कोलोरॅडो सिटी नावाच्या गावाच्या महापौराने जाहीरपणे लिहिलं की सरकार तुमचं काही देणं लागत नाही, बळकट असतील ते तगतील. पुढे तो त्या पदावर राहिला नाही. मी त्याच्या बाजूचा नाही. पण सरकारला जाब विचारणं आणि आपल्या बाळाला रात्री कुठे झोपवायचं हे ठरवणं, ही दोन वेगवेगळ्या वेळांची कामं आहेत. निवडणूक नोव्हेंबरात येते, १५ तारखेची पहाट फेब्रुवारीत.

राहिला प्रश्न जायचं कुठे. इथे भारनियमनाचीच एक विचित्र बाब उपयोगी पडते. वाहिन्या बंद करताना रुग्णालयाच्या वाहिनीवरची घरंही चालू राहिली, त्यामुळे एका गल्लीत दिवे आणि शेजारच्या गल्लीत काळोख, असं चित्र शहरांत दिसलं. संपूर्ण शहर एकदम गेलं असं झालं नाही. म्हणजे चार मैलांवरच्या ओळखीच्या घरात वीज असण्याची शक्यता चांगलीच होती. सरकारी ऊबकेंद्रांपैकी काहींची स्वतःचीच वीज गेली. ह्यूस्टनमध्ये तर एका मोठ्या फर्निचर दुकानाच्या मालकाने आपली दुकानं लोकांना झोपायला उघडून दिली. हॉटेलं वादळाआधीच भरतात. तेव्हा दुसऱ्याचं घर, हाच बहुतेक मराठी कुटुंबांचा खरा आसरा. आणि तिथे संकोच नडतो. ‘लोकांकडे मुलाबाळांसह कसं जायचं, त्यांचीही अडचण’, ‘आई-बाबा इथे आलेले, त्यांच्या पथ्याचं काय’, असं म्हणत म्हणत मध्यरात्र होते. हा संकोच ऑक्टोबरात मोडायला हवा, कारण तेव्हा बोलणं म्हणजे दोघांमधला करार असतो. वादळात केलेला फोन याचनेसारखा वाटतो.

महाराष्ट्र मंडळांना गणपतीत ढोल-ताशाचं पथक उभं करता येतं, दिवाळीत तीनशे माणसांचा फराळ मोजता येतो. त्यांनी थंडी सुरू होण्याआधी एक कागद तयार करावा. कुणाच्या घरी गॅसची चूल आणि विजेविना चालणारी, बाहेर धूर सोडणारी फायरप्लेस आहे, कुणाचं घर रुग्णालयाजवळ आहे, कुणाकडे रिकामी खोली आहे, कुणाकडे तान्हं बाळ किंवा इन्सुलिन घेणारे आजोबा आहेत, कुणाकडे फोर-व्हील ड्राइव्हची गाडी आणि जादा कार सीट आहे. मग दोन-दोन घरांच्या जोड्या लावाव्यात, शक्यतो वेगवेगळ्या वीजवाहिन्यांवरच्या, आणि जोडीतल्या दोघांनी एकमेकांकडे मुलाचे दोन कपडे, डायपरचं एक पाकीट आणि तयार फॉर्म्युलाच्या चार बाटल्या नेऊन ठेवाव्यात.